भौतिकोपचाराची विद्या आणि तिच्या शाळांची पारख



रोग्याच्या अंगाला हात लावण्याची विद्या शिकविणारी शाळा चांगली कीं वाईट, हें तेथें नांव घालण्यापूर्वीं कसें ओळखावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. भौतिकोपचार, म्हणजे आपण घरोघरीं ज्याला फिजिओथेरपी म्हणतों, त्या शास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासंबंधानें मी बोलणार आहें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुरतें, आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेंत इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेली. अशा माणसानें पदव्युत्तर शिक्षणावर बोलावें हें कांहीं जणांना विपरीत वाटेल. परंतु या प्रश्नाला सव्वाशें वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे, आणि इतिहास हें तर माझेंच शेत. शिवाय तपासनीस येणार म्हटल्यावर शाळा कशी नटते आणि त्याची गाडी वळणाआड गेल्यावर ती कशी दिसते, हें मास्तराइतकें कोणाला ठाऊक असणार?

हा इतिहास आपल्याकडे येण्यापूर्वीं लंडनला जावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें अंगमर्दनाचें मोठें प्रस्थ माजलें होतें. डॉक्टर तें सुचवीत, सधन लोक तें करून घेत, आणि तें शिकविण्याच्या नांवाखालीं कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणें दुकानें उगवलीं होतीं. थोडे दिवस शिकवावें, फी घ्यावी आणि एक प्रमाणपत्र हातीं द्यावें, असा कित्येकांचा खाक्या होता. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, मर्दनगृहाची पाटी लावून आंत भलताच व्यवहार चालविणाऱ्या जागाही शहरांत होत्या. १८९४ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकानें या प्रकाराला वाचा फोडली, आणि प्रामाणिकपणें हें काम करणाऱ्या स्त्रियांची मोठी पंचाईत झाली. ज्या विद्येवर कालपर्यंत पोट भरलें, तिचें नांव चारचौघांत सांगण्याची आज लाज वाटावी, अशी ती अवस्था होती.

त्या सालच्या अखेरीस चौघी जणी पुढें आल्या. ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर अशीं त्यांचीं नांवें. परिचर्येचा त्यांना चांगला अनुभव होता. त्यांनीं शिक्षित मर्दनकार स्त्रियांचें एक मंडळ स्थापन केलें आणि त्याला कडक नियम घातले. डॉक्टरांच्या सांगण्यावांचून कोणावरही उपचार करावयाचा नाहीं. सामान्य वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावयाची नाहीं. आणि मंडळाची परीक्षा उतरल्यावांचून मंडळाचें नांव लावावयाचें नाहीं. यांपैकीं तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थिनी कोठेंही शिकलेली असो, परीक्षा घेणारे लोक तिच्या शाळेबाहेरचे असत. शिकविणारा एक आणि पारखणारा दुसरा! ज्यानें फी घेतली त्यानेंच उत्तीर्ण झाल्याचा दाखला द्यावा, या व्यवस्थेंतील लबाडी त्या चौघींनीं अचूक हेरली. पुढें १९२० सालीं या मंडळाला राजाची सनद मिळाली, आणि १९४४ पासून तें 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' या नांवानें ओळखलें जाऊं लागलें.

अमेरिकेंतही हीच वाट निराळ्या कारणानें चालावी लागली. पहिल्या महायुद्धांत जायबंदी झालेल्या शिपायांसाठीं तेथें घाईघाईनें स्त्रिया तयार करण्यांत आल्या. त्यांना शिकविण्यांत पुढाकार घेणाऱ्या मेरी मॅकमिलन यांच्या नेतृत्वाखालीं १९२१ सालीं त्यांचा संघ झाला. १९३६ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशननें स्वीकारार्ह शाळेला कोणत्या अटी असाव्यात हें ठरवून दिलें. आज तेथें या विद्येच्या शाळांना मान्यता देणारें स्वतंत्र मंडळ आहे, आणि त्याचा एक नियम असा कीं, किती विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडले, त्यांपैकीं किती परवान्याची परीक्षा उतरले आणि किती जणांना काम मिळालें, हे आंकडे शाळेनें जाहीर केलेच पाहिजेत. हा नियम आपल्याकडील साऱ्या शाळांना लागू झाला तर भिंतीवरील रंगीत फलकांची निम्मी भाषा एका रात्रींत पुसली जाईल!

परंतु प्रमाणपत्र आणि मान्यता हेंच सर्वस्व मानण्याचाही मोह होतो, आणि त्या मोहावर उतारा म्हणून मी ऑस्ट्रेलियांतील एलिझाबेथ केनी या बाईंची गोष्ट सांगतों. परिचर्येच्या रीतसर शिक्षणाचें प्रमाणपत्र त्यांच्यापाशीं नव्हतें. पोलिओनें लुळे पडलेले हातपाय लांकडी पट्ट्यांत किंवा प्लास्टरमध्यें जखडून ठेवावे, हा त्या काळचा मान्यवर उपचार. केनीबाई मुलांच्या अंगावर गरम लोंकरीच्या घड्या ठेवीत आणि स्नायूंना पुन्हा हालचाल शिकवीत. १९३८ सालीं क्वीन्सलंडमधील चौकशी मंडळानें त्यांच्या पद्धतीविरुद्ध अहवाल दिला. त्या १९४० सालीं अमेरिकेस गेल्या आणि दोनच वर्षांत मिनियापोलिस येथें त्यांच्या नांवाची संस्था उभी राहिली. रोगाच्या कारणांविषयींचे त्यांचे तर्क शास्त्रज्ञांनीं मानले नाहींत; पण जखडून ठेवण्याची रीत मागें पडली आणि हालचालीची रीत टिकली. म्हणजे शाळा मान्य असली तरी ती शिकवीत असलेली गोष्ट जुनाट असूं शकते. हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच विचारावयास हवा, आणि तो फार थोडे पालक विचारतात.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. येथें या विद्येचें बी पोलिओनेंच पेरलें. फातमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळींतील कार्यकर्त्या. त्यांच्या चिमुकल्या मुलीला पोलिओ झाला, तेव्हां उपचारासाठीं त्यांना मद्रासपर्यंत धांव घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या मुंबईंत अशा मुलांची सोय नसावी, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली, आणि १९४७ सालीं त्यांच्या प्रयत्नानें मुंबईंत अपंग मुलांसाठीं लहानसें उपचारकेंद्र सुरू झालें. त्याच कार्याचा विस्तार होऊन पुढें हाजी अलीजवळ मुलांचें रुग्णालय उभें राहिलें. इकडे पुण्यास, दुसऱ्या महायुद्धांतील जायबंदी सैनिकांसाठीं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालींच निघालेलें होतें. युद्ध आणि साथ, या दोन आपत्तींनीं जें शिकविलें तें पुस्तकांनीं शिकविलें नसतें.

१९४९ च्या सुमारास मुंबईंत पोलिओची मोठी सांथ आली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत, म्हणजे १९२६ सालीं सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर सुरू झालेल्या त्या म्युनिसिपल रुग्णालयांत, प्रथम १९५० सालीं व्यवसायोपचाराची शाळा निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन. माहेरचें नांव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून त्या येथल्याच झाल्या. फलटणचे शेतीशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव आणि इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, हें सांगितलें म्हणजे कित्येक श्रोत्यांना ओळख पटेल. व्यवसायोपचार ही भौतिकोपचाराची सख्खी बहीण : एक हाताला बळ देते, दुसरी त्या हातानें घांस उचलावयास शिकविते. त्यानंतर दोनतीन वर्षांतच, सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना या तिघांच्या सहकार्यानें, त्याच आवारांत भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली. भारतांतील ती पहिली. १९५५ सालीं या व्यवसायाचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला, आणि त्याच सालीं हाजी अलीच्या परिसरांत आज अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या कार्यास आरंभ झाला.

या साऱ्या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. रोगी आधीं आले आणि शाळा मागून आली. रुग्णालयाचे कक्ष मुलांनीं भरलेले होते, हात अपुरे पडत होते, म्हणून ते हात तयार करण्यासाठीं वर्ग काढावे लागले. आज पुष्कळ ठिकाणीं हा क्रम उलटा झालेला दिसतो. प्रथम इमारत उठते, मग परवानगी येते, मग विद्यार्थी येतात, आणि मग रोगी कोठून आणावे याची विवंचना सुरू होते. ज्यांना पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचें आहे त्यांच्या दृष्टीनें हा फरक प्राणघातक म्हणावा इतका मोठा आहे. कारण पहिल्या पदवीचें शिक्षण एक वेळ पुस्तकें आणि सांगाडे यांवर रेटतां येईल, पण पुढचें शिक्षण म्हणजे अवघड रोगी आणि त्यांच्याशेजारीं उभा राहून हात धरणारा अनुभवी गुरु, याहून दुसरें कांहीं नाहीं.

आणि रोगीही आतां ते राहिलेले नाहींत. भारतांत रानटी विषाणूमुळें झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त असल्याचें जागतिक आरोग्य संघटनेच्या विभागीय मंडळानें जाहीर केलें. ज्या रोगानें ही विद्या येथें आणली, तो रोग गेला आणि विद्या राहिली! आज तिच्या दारीं पक्षाघाताचे रोगी येतात, गुडघे बदललेल्या आजी येतात, अतिदक्षता कक्षांत श्वासासाठीं झगडणारे येतात, खेळाडू येतात. म्हणूनच पदव्युत्तर अभ्यासक्रमांत अस्थि-स्नायू, मज्जासंस्था, हृदय व श्वसन, क्रीडा, सामाजिक आरोग्य अशा शाखा पडल्या आहेत. हृदय-श्वसनाची शाखा घ्यावयाची आणि संस्थेच्या रुग्णालयांत अतिदक्षता कक्षच नाहीं, अशी स्थिति असेल तर त्या पदवीचें मोल कागदाइतकेंच.

आमचें श्रीवर्धन पेशव्यांचें मूळ गांव म्हणून आपणांस ठाऊक आहे. बाळाजी विश्वनाथांचें नांव सांगितल्यावांचून आम्हां श्रीवर्धनकरांचें बोलणेंच सुरू होत नाहीं. पण गांवाचें पोट चालतें तें पोफळीच्या वाड्यांवर. येथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळीवर चढलेला गडी खालीं न उतरतां एका झाडावरून झोंका घेऊन दुसरें झाड धरतो. पाहणाऱ्याला मौज वाटते. हात सुटला तर कणा मोडतो. असा गडी वांचला तरी त्याला पुन्हा उभें करणारें माणूस हवें, आणि मुंबई रस्त्यानें पावणेदोनशें-दोनशें किलोमीटर दूर. तेव्हां ही विद्या शहरांतील सुखवस्तु लोकांच्या गुडघ्यांसाठीं आहे, असें आम्हांला तरी म्हणतां येत नाहीं.

आमच्या आळींतील, एके काळीं माझ्या वर्गांत बसलेली एक मुलगी भौतिकोपचाराची पदवी घेऊन गेल्या वर्षीं घरीं आली. पुढें शिकावयाचें ठरलें. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें तिच्या वडिलांच्या वाडीची दैना केली होती. नवी पोफळ धरावयास पांच-सात वर्षें जातात. वाडी आतां कोठें पुन्हा उत्पन्न देऊं लागलेली. ती गहाण ठेवून मुलीला परदेशीं पाठवावें, असा एका मध्यस्थाचा आग्रह चालला होता. एका वर्षांत 'मास्टर', आणि मग तिकडेच नोकरी, असा त्याचा हिशेब. बाप माझ्याकडे आला तो कागद घेऊनच.

मी तिला एवढेंच सांगितलें, "पोरी, माहितीपुस्तक बाजूला ठेव आणि त्या विद्यापीठाला एकच प्रश्न लिही. ही पदवी मिळाल्यावर तुमच्या देशांत या व्यवसायाच्या नोंदणीला मी केवळ या पदवीच्या बळावर पात्र होईन काय?" ती म्हणाली, "गुरुजी, मध्यस्थ तर होईल म्हणतो." मी म्हटलें, "त्याची सही असलेला कागद माग." सही कांहीं मिळाली नाहीं. विद्यापीठाचें उत्तर मात्र चार दिवसांत आलें, आणि तें प्रामाणिक होतें : हा अभ्यासक्रम आधींच पात्र असलेल्यांचें ज्ञान वाढविण्यासाठीं आहे, नोंदणीसाठीं निराळा अर्ज करावा लागेल.

या बाबतींत फार जणांची फसगत होते, म्हणून थोडें सविस्तर सांगतों. ब्रिटनमध्यें 'फिजिओथेरपिस्ट' हें नांवच कायद्यानें राखलेलें आहे. तेथील हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या पटावर नांव असल्यावांचून तें कोणाला लावतां येत नाहीं. कोणता अभ्यासक्रम त्या पटाकडे नेतो याची यादी कौन्सिल स्वतः प्रसिद्ध करतें. त्या यादींत नसलेली 'मास्टर' ही पदवी खोटी नसते, ज्ञानही देते. पण पटाचें दार ती उघडीत नाहीं. आपल्याकडे शिकलेल्यांना त्यासाठीं परदेशी उमेदवारांच्या वाटेनेंच जावें लागतें. अमेरिकेंतही तोच भेद आहे. तेथें आतां या व्यवसायांत शिरण्याची पदवीच 'डॉक्टर' या नांवाची झाली आहे. परंतु आधींच पदवी घेतलेल्यांसाठीं त्याच नांवाचे जे पूरक अभ्यासक्रम आहेत, त्यांना तें मान्यता देणारें मंडळ मान्यता देत नाहीं. आणि भारतांत शिकलेल्याला आपल्या मूळ पदवीची विषयवार तपासणी करून घेऊन मग परवान्याच्या परीक्षेस बसावें लागतें. पदवीचें नांव एक, आणि तिचें बळ दोन प्रकारचें! १८९४ सालच्या लंडनमध्यें हेंच झालें होतें. फरक इतकाच कीं आज या घोटाळ्याला कोणाची लबाडी लागतेच असें नाहीं, आपलें अज्ञान पुरतें.

मग घरच्या घरीं काय पहावें? महाराष्ट्रांत मुंबईंतील पहिली शाळा निघाल्यापासून जवळजवळ अर्धें शतक या व्यवसायाला कायद्याची नोंदवही नव्हती. व्यावसायिकांचे संघ होते, पण संघाचें सभासदत्व आणि कायद्यानें झालेली नोंदणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठीं राज्य परिषद स्थापन करणारा महाराष्ट्राचा कायदा २००२ सालचा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला त्याच्या थोडें आधीं, १९९८ सालीं झालें. सबंध देशासाठीं कायदा व्हावयास २०२१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर झाला. तेव्हां संस्था कोणत्या विद्यापीठाची, आणि तिची पदवी परिषदेच्या पटावर चढते काय, हें संस्थेच्या माहितीपुस्तकावरून ठरवूं नये. विद्यापीठ आणि परिषद यांच्याच याद्या पहाव्या. आपल्याविषयीं आपणच दिलेली साक्ष न्यायालयांतही पुरेशी मानीत नाहींत.

कागद संपले म्हणजे मग पायपीट. त्या मुलीनें दोन महाविद्यालयें जाऊन पाहिलीं. मुद्दाम सांगून गेली नाहीं, आणि समारंभाच्या दिवशींही गेली नाहीं. साध्या सोमवारीं सकाळीं बाह्य रुग्ण विभागाच्या बांकावर जाऊन बसली. एका ठिकाणीं यंत्रें अप्रतिम होतीं, पण कित्येकांवरील प्लास्टिकचीं आवरणें अद्याप निघालेलीं नव्हतीं, आणि दोन तासांत मोजके नऊ रोगी आले. दुसऱ्या ठिकाणीं भिंतींचा रंग उडालेला, व्यायामाच्या गाद्या शिवलेल्या, आणि बांकावर बसावयास जागा नाहीं. तेथें दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी पक्षाघाताच्या एका म्हाताऱ्याला उठवून उभें करीत होती आणि तिच्या प्राध्यापिका बाजूला उभ्या राहून, हात न लावतां, तिच्या पायांची ठेवण दुरुस्त करीत होत्या. पदव्युत्तर शिक्षण म्हणतात तें हें.

दुपारीं तिनें दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना गांठलें. प्रबंधाला विषय कोण देतो, मार्गदर्शक आठवड्यांतून किती वेळ भेटतो, तो गेल्या दोन वर्षांत बदलला काय, विद्यावेतन मिळतें तें कागदावर कीं हातांत, आणि कनिष्ठ वर्गांना शिकविण्याच्या नांवाखालीं पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून फुकट नोकरी तर करून घेत नाहींत, असे तिचे प्रश्न होते. पहिल्या ठिकाणीं मुलें उत्तर देण्यापूर्वीं दाराकडे पहात. मी चाळीस वर्षें वर्गांत काढलीं. मुलें दाराकडे केव्हां पाहतात हें मला समजावून सांगावें लागत नाहीं.

खर्चाचा हिशेब वडिलांनीं केला तेव्हां एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली नव्हती. अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा. त्या दोन वर्षांची फी आणि वसतिगृह यांची बेरीज सारेच करतात. पण या दोन वर्षांत मुलगी नोकरी करून जें मिळविती, तेंही खर्चाच्याच रकान्यांत मांडावयास हवें. तें मांडल्यावर वाडी गहाण ठेवण्याची कल्पना त्यांनीं स्वतःच सोडून दिली, आणि मुलगी राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागली.

शाखेचा वाद मात्र त्या घरांत अजून चालू आहे. वडिलांना क्रीडा शाखा हवी, कारण तिच्यांत पैसा आहे असें त्यांनीं ऐकलें आहे. तिचा ओढा सामाजिक शाखेकडे. त्या दुसऱ्या महाविद्यालयांतून निघतांना तिनें प्राध्यापिकाबाईंना शेवटचा प्रश्न विचारला होता : तुमचे विद्यार्थी खेड्यांतील केंद्रावर जातात काय, आणि तेथें त्यांच्याबरोबर शिक्षक असतो काय? बाईंनीं वार सांगितले, केंद्राचें नांव सांगितलें, आणि एका वारीं शिक्षक नसतो हेंही आपण होऊन सांगितलें. तें सारें तिनें तारखेसह वहींत उतरवून घेतलें आहे.